घशाचं पान

“मायट्रल स्टेनोसिस,” हृदयाची इको तपासणी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे हृदयातली एक झडप जाड होऊन अरुंद झाली आहे. मग त्यांनी नगमाला विचारलं, घसा दुखून ताप यायचा का? नंतर सांधे सुजले होते का?

पंधरा वर्षांच्या नगमानं माझ्याकडे पाहिलं. “अंकल, ये अपनी किताब में था क्या? मैं भूल गई?”

नंतर बोलू, एवढंच मी म्हणालो.

तिचे आईवडील उत्तर प्रदेशातल्या बदायूंहून आलेले. दिल्लीत यमुनेकाठी दुसऱ्याच्या शेतात पालक, मुळा काढतात. मी जवळच मयूर विहारला राहतो, सरकारी नोकरी करतो. दर रविवारी तिथल्या मुलींना आरोग्याचे धडे शिकवतो आणि त्या आपल्या वयाच्या मुलांना शिकवतात. नगमा त्यांत पुढे. जुलाब, पाळी, साप चावला तर काय करायचं, चित्रांची मोठी वही उलटत घडाघडा सांगायची. मुलं तिला ‘डॉक्टरनी’ म्हणून चिडवायची.

त्या वहीत बारा पानं होती, तसं वर छापलंही होतं. घशाचं पान पहिल्याच महिन्यात मी काढून टाकलं. घसा तर सगळ्यांचाच दुखतो, बैठक अर्ध्या तासात संपली पाहिजे, असा माझा हिशेब. ऑफिसात लांबलेली टिपणी छाटावी, तसं. कोणाला विचारलं नाही.

गेल्या वर्षी घसा दुखून ताप येऊन गेला आणि मग नगमाचे गुडघे सुजले. ते उतरले, मग घोटे. मी म्हणालो, दिवसभर उकिडवी बसून पालक काढतेस, दुखणारच. तिनं ते मानलं. पुढे बांध चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा कुठे मी तिला हॉस्पिटलात आणलं.

मग ईसीजी, रक्त, एक्स-रे. तिची आई औषधांच्या रांगेत, आम्ही दोघं बाकावर. नगमा बोटांवर पानं मोजायची, पुन्हा पहिल्यापासून. अकराच भरायची. तिला वाटत होतं, एक ती विसरली.

तपासण्यांच्या पाचव्या दिवशी मी तिला आणि तिच्या आईला खरं सांगितलं: घशाच्या दुखण्यावर वेळेत औषध झालं नाही तर सांधे सुजतात, हृदयाची झडप बिघडू शकते, हे सांगणारं बारावं पान मीच काढलं होतं. आई पदर सारखा करत राहिली.

नगमानं बोटांवर पुन्हा अकरा पानं मोजली. मग म्हणाली, “मतलब मैं भूली नहीं थी.”

तिला हायसं वाटलेलं दिसलं. ती चिडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं, “झडप पूर्वीसारखी होणार नाही. आणखी बिघडू नये, एवढं आपल्या हातात आहे.” दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं. नळीतून फुगा घालून झडप उघडण्यासाठी यादीत नाव लागलं आहे. आम्ही वाट पाहतो आहोत.

तुमच्या घरात मुलाचा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. सांधे एकामागून एक सुजले, तर थकव्यावर ढकलू नका. मी ढकललं.

ते पान माझ्या कपाटात होतं. आता वहीत परत लावलंय. रविवारी मुलं नगमाच्या झोपडीत जमतात. ती खाटेवर बसून सांगते. वही उचलून धरली की तिला दम लागतो, म्हणून ते पान मी धरतो. तिचं सांगून होईपर्यंत खाली ठेवत नाही.