त्याच गाडीत बसलेला माणूस

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटीत एक फिरते साडीविक्रेते मला नेहमी भेटतात. विकायच्या साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसतात आणि शेजाऱ्याला आधी गाव विचारतात, मग पोराबाळांची खुशाली. "मनं नशीब भारी शे, भाऊ," असं दर खेपेला म्हणतात. गाठोडं घेऊन फिरणाऱ्या माणसाचं कसलं भारी नशीब, म्हणून मला हसू यायचं.

मागच्या हिवाळ्यात पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली. सासूबरोबर निघालेल्या एका गरोदर बाईला त्याच वेळी कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेला यायला उशीर होता. आम्ही नुसते चडफडत होतो. समोरच्या मळ्यात वांग्याच्या भरिताची पार्टी चालली होती. ते तिकडे निघाले.

"अनोळखी माणसाला कोण गाडी देणार?" मी म्हणालो.

"इचारी तर दखू!"

थोड्याच वेळात ते मळेवाल्याच्या पिकअपमध्ये बसूनच परतले. बाईच्या अंगाखाली आपल्या नव्या साड्या अंथरल्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

पुढच्या भेटीत त्यांनी मला पेढा दिला. मुलगी झाली होती. वर ते पुन्हा स्वतःच्याच नशिबाचं कौतुक करू लागले.

"नशीब तर त्या बाईचं," मी म्हणालो.

ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले. "पण भाऊ, त्याच गाडीमा मी व्हतू ना!"