चन्नव्वाची चोरचोळी

भालकीच्या चन्नव्वाला सगळं आधीच कळायचं. गाय कधी विणार, कुणाची सून कुणाशी भांडणार, कुणी विचारो न विचारो, ही सांगून मोकळी. निजामाचा तहसीलदारसुद्धा तिच्या तोंडी लागत नसे.

म्हणून सतरा वर्षांची सून हेमावती रोज सकाळी उठल्या उठल्या ओकायला लागली, तेव्हा तिनं सुईणीलाही बोलावलं नाही. "चार बाळंतपणं झालीत माझी, मला कळत न्हाई व्हय?" गर्भार सुनेला तिसऱ्या महिन्यात गुपचूप घालतात ती हिरवी चोरचोळी तिनं स्वतः शिवली आणि दार लावून पोरीच्या अंगात घातली. हेमावती लाजली. "डोस्कं लई दुखायलंय, अत्ती," एवढंच सासूला म्हणाली.

"पोरगा हाय, म्हणून!" चन्नव्वानं निकाल दिला.

असली चोरी कुठं लपते! गावभर झालं. पण पोट काही वाढेना. शेवटी सुईणीनं हात लावून सांगितलं, आत काहीच नाही. चन्नव्वाची अब्रू गेली. "सोंग करायलीस व्हय गं?" म्हणत तिनं चोळी काढून घेतली. दिलेली चोळी परत घेऊ नये, हे तिला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पोरगी चालताना झोकांड्या खाऊ लागली, तेही सोंगच ठरलं. मग पाठ ठणकायला लागली, पाय उचलेनात, तेव्हा कुठं चन्नव्वाचं काळीज चरकलं.

मुलगा सिद्धराम दोघींना आगगाडीनं हैदराबादला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं: मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ आहे, ओकाऱ्या तिच्याच. असा आजार विरळा, आणि होतो तो कोवळ्या वयातच जास्त. मेंदूभोवतीचं पाणी कण्यात उतरतं, त्याच्यासंगं गाठीचे कण खाली गेले आणि पाठीत रुजले. आता इलाज नाही.

"आधी आणली असती तर?" चन्नव्वानं विचारलं.

भावकी म्हणाली, पोरीला माहेरी धाडा, सिद्धरामाचं दुसरं लगीन लावा. "ज्याला घाई हाय त्यानं आपल्या पोराचं लावावं!" चन्नव्वा कडाडली. सुनेचं हगणंमुतणं तिनंच काढलं.

एका दुपारी तिनं पेटीतली हिरवी चोळी आणली.

"आता कामून, अत्ती? पोटात तर कुणी न्हाई."

"तुला दिल्ती गं मी. पोटाला न्हाई."

चोळी दंडात सैल झाली होती. चन्नव्वानं रडत रडत तिथंच टाके घातले. हेमावती गेली, तेव्हा त्याच चोळीत तिला लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवलं.

पुढं कुणाच्या सुनेला ओकाऱ्या लागल्या की बाया विचारायला यायच्याच. चन्नव्वा म्हणायची, "मला काय बी कळत न्हाई बाई. आधी तिला विचार, डोस्कं दुखायलंय का."