पाव तोळा

"बोट आणलंय का?"

नारायण पेठेतल्या त्या लहानशा सराफी दुकानात कुणी अंगठी मागितली की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न हाच यायचा. गिऱ्हाईक बिचकून स्वतःच्या हाताकडे बघायचं.

"आपलं नाही. जिच्यासाठी घेताय तिचं. नसेल आणलं तर घेऊन या, आम्ही आठपर्यंत आहोत."

मध्ये दुपारी दुकान बंद असतं, हे काउंटरपलीकडचे काका सांगत नसत. तसं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, आणि पाटीवर लिहिलेलं पुन्हा तोंडानं सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिक्षणाचा अपमान, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुकान त्यांचं नव्हतं. ते तिथे तीसेक वर्षं विक्रेते होते. मी त्यांना काका म्हणायचो, कारण ते आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत आणि मी दुसऱ्या मजल्यावर दोन मित्रांबरोबर खोली घेऊन होतो. मी पुसदकडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच. पुण्यात आलो तेव्हा इथली माणसं तुटक बोलतात एवढंच ऐकून होतो. पहिल्याच दिवशी मी चपला जिन्यात काढून ठेवल्या. काका वर येत होते. थांबून म्हणाले, "या आपल्या का? मग पायात ठेवा, तिथं जास्त चालतील."

हडपसरच्या कंपनीत मी कायम झालो तेव्हा पेढे द्यायला गेलो. त्यांनी पेढा घेतला, बाकीचा पुडा काकूंकडे दिला आणि विचारलं, "कायम म्हणजे कधीपर्यंत?" मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावून एका कागदावर सहा ओळी लिहून दिल्या. पगारातून काय कापलं जातं, कशाची पावती जपून ठेवायची, कोणत्या कागदावर न वाचता सही करायची नाही. ते सगळं मला सांगणारं घरात कुणी नव्हतं. तो कागद मी बरीच वर्षं पाकिटात ठेवला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलताना चिमटा काढतात आणि देताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देत नाहीत. आपण चिमटा लक्षात ठेवतो.

दुकानात मी कधीकधी संध्याकाळी टेकायचो. एकदा एक तरुण आला, उंची बूट, हातात मोटारीची किल्ली. त्याला अंगठी हवी होती, पण बोट आणणं शक्य नव्हतं.

"काका, सरप्राइज आहे. तिला माहीत नाही."

"अंगठीचं की लग्नाचं?"

"दोन्ही."

"मग आधी लग्नाचं विचारून या. ते परत घेत नाहीत. अंगठी आम्ही घेतो, घट वजा करून."

दुसऱ्या एका बाईंनी घडणावळ निम्मी करा म्हणून अर्धा तास हुज्जत घातली. काका शांतपणे म्हणाले, "कारागिराला सांगून ठेवतो. निम्मीच घडवेल."

बाई रागावून गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या. बहुतेक लोक परत यायचे. त्याचं कारण होतं काकांची वजनाची पद्धत. दागिना काट्यावर ठेवला की ते आकडा मोठ्यानं वाचत, आणि वाचताना बघत ते दागिना घालणाऱ्या बाईकडे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वजन घालणाऱ्याला सांगायचं. पैसे देणाऱ्याला बिल मिळतंच."

त्यांच्या घरात मात्र वेगळा कारभार होता. काकूंच्या बोटातली अंगठी इतकी सैल होती की तिला आतून दोरा गुंडाळलेला असे. काकूंनीच मला ती कथा सांगितली. साखरपुड्याच्या वेळी काका नवीनच नोकरीला लागले होते. हुशारी दाखवायला अंदाजाच्या मापानं अंगठी घेऊन आले.

"मग लहान करून नाही घेतली?"

"दर दिवाळीला म्हणतात, दे, करून आणतो. मी देत नाही," काकू म्हणाल्या. "चूक त्यांची आहे. रोज दिसू दे."

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "दोरा सोन्याचा आणा म्हणाली नाही, यात मी समाधानी आहे."

पुढे माझं लग्न ठरलं. मुलगी आमच्याच भागातली, सुजाता, एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. बोलणी करायला माझे मामा बसले होते. वडील नसल्यामुळे मामांचा शब्द आमच्याकडे शेवटचा, आणि मामांना शेवटचा शब्द मोठा लागतो. भर बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "साखरपुड्यात पोरीले तोळ्याची अंगठी घालू. पोरगं पुन्यात हाय, काई कमी नाई त्याले."

तोळ्याचा भाव तेव्हा लाखाच्या पुढे गेला होता. बहिणीच्या शिक्षणाचे हप्ते आणि खोलीचं भाडं जाऊन माझ्याजवळ जे जमलं होतं त्यात पाव तोळा कसाबसा बसत होता. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मामाचं तोंड राखजो बाप्पा." कर्ज काढायचं नाही हे मी ठरवलं होतं. लग्न मोडू द्यायचं नाही हेही ठरवलं होतं. दोन्ही जमवायला मला एकच वाट दिसली. ती धरून मी काकांच्या घरी गेलो.

"पोकळ अंगठी मिळते ना? दिसायला तोळ्याची, वजनाला पाव."

"म्हणजे फुगा," काका म्हणाले. "तो संभाजी बागेबाहेर मिळेल. स्वस्त पडेल."

"काका, चारचौघांत प्रश्न आहे."

"चारचौघं ती घालणार नाहीत. बोट आणा."

मी आईकडून मागवलेला दोरा काढला. तिनं कसल्याशा निमित्तानं सुजाताच्या बोटाचं माप घेऊन पाठवला होता. काकांनी तो ताणून पाहिला. चांगला ताणला जात होता. त्यांनी तो माझ्या खिशात परत ठेवला आणि काकूंच्या सैल अंगठीकडे नुसती मान वळवली.

आमच्याकडे साखरपुड्याआधी मुलीनं मुलाबरोबर सोनाराकडे जायची रीत नाही. पण सुजाताची हडपसरला एक परीक्षा होती आणि ती मावशीकडे उतरणार होती. मी तिला फोनवर बोलावलं. रोज बोलत होतो आम्ही, पण तोळ्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी काकांना जिन्यात गाठलं.

"उद्या ती येतेय. तुम्ही वजन मोठ्यानं वाचता, तेवढं करू नका. माझं लग्न त्यावर आहे."

"मोठ्यानं वाचणार नाही," काका कठडा धरून म्हणाले. त्यांनी शब्द दिला की दिला. मला रात्री झोप लागली.

सुजाता परीक्षा देऊन बसनं पेठेत आली. काकांनी दुकानात मला ओळख दाखवली नाही. तिला स्टूल दिलं, मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि तिच्या अनामिकेत एकेक कडी घालून पाहिली.

"काम काय करता आपण?"

"लॅबमध्ये आहे. रक्त तपासते."

"हातमोजे?"

"दिवसभर."

"मग खडा नको. मोजा फाटेल आणि दोष अंगठीला जाईल." त्यांनी एक साधी, चपटी, गुळगुळीत अंगठी पुढे ठेवली. भरीव होती, पण दिसायला अगदीच गरीब.

मी घसा खाकरला. "काका, ती दुसरी पण दाखवा. जरा भरल्यासारखी दिसणारी."

त्यांनी पोकळ अंगठीही आणली. खरंच तोळ्याची वाटत होती. त्यांनी आधी एक काट्यावर ठेवली, मग दुसरी. तोंडातून अक्षर काढलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, एका चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आणि चिठ्ठी सुजातापुढे सरकवली.

दहा ग्रॅमचा तोळा धरला तर दोन्ही अंगठ्या पाव तोळ्याच्या जेमतेम वर, पावणेतीन ग्रॅमच्या आत होत्या.

सुजातानं चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. माझे कान गरम झाले. काका फडक्यानं काच पुसत होते. ती स्वच्छच होती.

"मामा तोळा म्हणाले होते," मी म्हणालो. "माझ्याकडे एवढंच आहे. कर्ज काढायचं नाही मला."

"हे फोनवर नसतं सांगता आलं? दोन महिने रोज बोलतोय आपण. जेवलात का, एवढंच विचारता."

मी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"मामा तोळा म्हणाले ना, त्या दिवशी बाबांनी घरी येऊन काय सांगितलं माहितीये? म्हणाले, पाव धरून चला." ती किंचित हसली. "आणि बाबांनी तुमच्यासाठी अर्ध्या तोळ्याची अंगठी कबूल केलीय ना? तीही तशीच धरा."

काच पुसता पुसता काका म्हणाले, "म्हणजे स्थळ बरोबरीचं आहे."

मला हायसं वाटलं, पण सुजाताचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं पोकळ अंगठी चिमटीत धरून हलकेच दाबली आणि खाली ठेवली.

"ही घेतली असती तर पहिल्या महिन्यात चेपली असती. मग तुमच्या बाकीच्या बोलण्यातलं मी किती धरायचं होतं?"

काकांनी पोकळ अंगठी उचलून परत कपाटात ठेवली.

"तिथं मांडवात कुणीतरी विचारणारच, किती तोळ्याची म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय. त्यावर मी बोट पुढं करायचं की नाही ते ठरवीन."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. साधी अंगठी आम्ही घेतली. बिल देताना काका मला म्हणाले, "मुलगी चांगली आहे. आपण सांभाळून राहा."

साखरपुड्याला मी त्यांना आमंत्रण दिलं. "विकलेल्या सोन्यामागं आम्ही जात नाही," ते म्हणाले आणि माझ्या हातात नारळ ठेवला.

मांडवात डबी उघडली. सुजाताच्या आत्यानं वाकून पाहिलं आणि विचारलंच, "किती तोळ्याची हाय जी?"

मामांनी तोंड उघडलं होतं. सुजाताचे दोन्ही हात पदराखाली होते. मी मामांच्या आधी बोललो.

"पाव तोळ्याहून थोडी जास्त. मला तेवढीच झेपली."

मामा मांडवातल्या पंख्याकडे बघत राहिले. मग सुजाताच्या वडिलांनी स्वतःच्या खिशातली डबी काढली, उघडली आणि मोठ्या मोकळ्या मनानं म्हणाले, "हे बी तेवढीच हाय." कुणीतरी हसलं. सुजातानं हात बाहेर काढला.

मामा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र त्या दिवशी व्यवस्थित.

हे सगळं काकांना सांगायला पेढे घेऊन पुण्याला आलो तर पहिल्या मजल्याला कुलूप होतं. दुकानात उभे असतानाच त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, आणि मुलगा दोघांना कात्रजला आपल्याकडे घेऊन गेला होता. आजारपणात त्यांना कुणी भेटायला आलेलं आवडत नव्हतं. लग्न होऊन सुजाताला इथल्याच एका दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा कुठे काकूंचा फोन आला, या म्हणून. ती आमची शेवटची भेट. पुढच्या महिन्यात ते गेले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांची वाचा गेलेली होती. पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी मांडवातली हकिगत सगळी सांगितली, आत्याच्या आवाजासकट. त्यांनी एक भुवई वर केली.

"ते म्हणतायत, फार छान झालं," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. नाही.

"बरं. ते म्हणतायत, ठीक झालं."

त्यांनी डोळे मिटले. म्हणजे हे बरोबर.

मग त्यांनी चालणारा हात पुढे केला. आधी मला कळलं नाही. सुजाताला कळलं. ती ड्यूटीवरून थेट आली होती आणि तिच्या बोटांवर हातमोज्यांची पांढरी पावडर होती. तिनं आपला हात त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्यानं अंगठीवरची पावडर पुसली आणि ती बोटातल्या बोटात एकदा फिरवून पाहिली. फिरली, पण निसटली नाही.

मग त्यांनी तो हात, गिऱ्हाइकाची वस्तू परत द्यावी तसा, सावकाश तिच्या मांडीवर ठेवला.