दिपालीने मांडलेली दुकानं

टोकावड्याची दिपाली १९९८ साली मुरबाडच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागली. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पतपेढीचे अहवाल असं काम असायचं. एका पत्रिकेत ती निमंत्रकांची वीस-बावीस नावं बसवायची, तरी मुहूर्त पहिल्या नजरेत सापडायचा. तिच्या हातच्या पत्रिकेसाठी लोक दोन दिवस थांबायची तयारी ठेवत.

२००७ साली शहापूरचा ज्ञानेश्वर तिच्याकडे आला. डोळखांबकडच्या पाड्यांवरून बांबूच्या टोपल्या, सुपं, तांदूळ धुवायच्या रोवळ्या घेऊन विकायच्या, हा त्याच्या वडिलांचा, बारकूशेठचा धंदा. वडील गेल्यावर ज्ञानेश्वरने कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली होती. आठ महिन्यांत ऑर्डरी आल्या तीन, त्यातल्या दोन त्याच्या मावसभावाच्या.

"लोक येतात नि बघून जातात," तो म्हणाला. "तुमी पत्रिका करता तशी नीट करून द्या."

"मला वेबसाइट येत नाय, दादा. पण बघते."

पान उघडायलाच चार मिनिटं लागली. मग सनई वाजायला लागली. पिवळ्यावर लाल अक्षरं धावत होती. वर बारकूशेठचा हार घातलेला मोठा फोटो, आणि खूप खाली, गोदामाच्या अंधारात काढलेले, पोस्टाच्या तिकिटाएवढे टोपल्यांचे फोटो.

दिपालीने लगेच कशाला हात लावला नाही. झेरॉक्स काढायला आलेल्या राही नर्सबाईंना तिने खुर्चीत बसवलं. "ताई, यातलं एक सूप विकत घेऊन दाखवा." आणि ती मागे गप्प उभी राहिली. राहीने आधी बारकूशेठच्या फोटोवर क्लिक केलं, मग धावत्या अक्षरांवर. शेवटी वैतागून म्हणाली, "केवढं आहे गो हे सूप? ताटाएवढं की परातीएवढं? आणि मागवायचं कुठून?" तेवढ्यात तिची एसटी आली आणि ती उठून गेली. दिपालीने सगळं एका रद्द प्रुफाच्या पाठीवर लिहून ठेवलं.

पुस्तक आणून ती पानं बनवायला शिकली. लोडशेडिंग सांभाळत दोन महिने गेले. सनई गेली, धावती अक्षरं गेली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एका ओळीत एकच वस्तू, मोठा फोटो, खाली किंमत आणि लगेच शेजारी 'मागवा' असं बटण. फोटोंसाठी एका रविवारी ती उसना कॅमेरा घेऊन पाड्यावर गेली. तिथे ठमी नावाची म्हातारी अंगणात टोपल्या विणत होती.

"मावशी, टोपलीवर हात ठेवा जरा."

"माझा हात कशाला गो? चिरा पडल्यात, बघ."

"हात दिसला की टोपली केवढी ते कळतं."

ठमीने दोनदा हात धुतले, पदराला पुसले आणि मग ठेवला.

नवं पान बघून ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला. "बाबा कुठं गेले?"

"काढले. गिऱ्हाईक टोपली बघायला येतं ना, दादा."

"चाळीस वर्षं धंदा केला त्यांनी, नि तू दोन मिनटात काढलंस? आधीचं होतं तसं लाव."

तिने राहीचा कागद पुढे केला. त्याने तो बघितलाही नाही. जुनं पान परत चढलं.

दिपालीला वाईट वाटलं, पण मेहनत वाया गेल्याचं कमी. छपाईची चूक काढावी तसं तिने मेलेल्या माणसाला, त्याच्या मुलाला न विचारता, काढलं होतं, तेच तिला जास्त टोचत राहिलं. पंधरा दिवसांनी ती स्वतः शहापूरला गेली. "तुमच्या बाबांचा कामावरचा एखादा फोटो आहे?" तिने विचारलं. ज्ञानेश्वरने पेटीतून एक काढला. म्हसाच्या जत्रेत, टोपल्यांच्या राशीत बसलेले बारकूशेठ, एका हातात रोवळी वर धरलेली, तोंड उघडं. बहुतेक भाव सांगत असावेत.

"हा 'आमच्याविषयी' या पानावर लावते. खाली तुम्ही चार ओळी सांगा. पहिल्या पानावर फक्त माल."

ज्ञानेश्वरने फोटोवरची धूळ बाहीने पुसली. "लाव," म्हणाला.

त्या महिन्यात नऊ ऑर्डरी आल्या, पुढच्या महिन्यात चौदा. नाशिकच्या एका बाईने लिहिलं, की माझी आई जत्रेत याच माणसाकडून सुपं घ्यायची. एक तक्रारही आली: टोपली फोटोपेक्षा लहान निघाली. ठमीचा हात मुळातच बारीक होता, त्याच्याशेजारी टोपली मोठी वाटायची. दिपाली पुन्हा पाड्यावर गेली, फूटपट्टी घेऊन, आणि प्रत्येक वस्तूखाली इंच लिहिले.

ज्ञानेश्वरकडून ऐकून आणखी लोक आले. कुणी मध विकणारं, कुणी पापड-कुरडया. २००९ साली दिपालीने कामासाठी स्वतःची खोली भाड्याने घेतली. तिने वेबसाइटवर मांडलेली सगळीच दुकानं चालली नाहीत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एकाने सगळं लुकलुकतं हवं म्हणून हट्ट धरला, तिने तसं करून दिलं, आणि वर्षभरात त्याने ते बंद केलं. लग्नसराईत ती पत्रिकाही करायचीच. आई म्हणायची, दोन्हीकडे कशाला जीव काढतेस? दिपाली सांगायची, "पत्रिकेचं काम एका दिवसात संपतं. दुकानाचं संपत नाय, म्हणून आवडतं."