मिरच्यांची धुरी आणि ताईंच्या चपला

देवीसमोर हात जोडून मी कित्येक वर्षं एकच मागत होते. ते काय होतं, हे लिहायलाही लाज वाटते. आमच्या अमरावतीच्या घरात खाली आम्ही आणि वर माझी मोठी जाऊ, ताई. त्यांची तन्वी आणि माझी रेवा दोघी आठ वर्षांच्या, एकाच शाळेत, एकाच वर्गात. तन्वी सकाळी हाक मारायच्या आत उठायची, पाढे म्हणत दूध प्यायची. माझी रेवा दहा तास झोपूनही पेंगत उठायची, अंथरूण ओलं असायचं, आणि वर्गात बाईंचं बोलणं चालू असताना बाकावर मान टाकायची. शाळेतून चिठ्ठी आली, की आधी माझी नजर वरच्या जिन्याकडे जायची. आई अंबादेवी, मी म्हणायचे, हिच्या लेकीचं थोडं तरी माझ्या लेकीला दे! माझ्या लेकीला वेगळं काही दे, असं कधी सुचलंच नाही.

रेवा घोरायची, अगदी मोठ्या माणसासारखी. घरात सगळे हसायचे आणि मीही म्हणायचे, किती गाढ झोपते माझी बाय! भाद्रपदातल्या एका दुपारी दोघी पोरी वर ताईंकडे झोपल्या होत्या. संध्याकाळी ताई खाली आल्या आणि म्हणाल्या, "रेवाचं घोरणं मले बरं वाटून नाई राहिलं वं. मधातच तिचा श्वास अडकते. डॉक्टरले दाखव एकदा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्वतःची पोरगी शांत झोपते, म्हणून माझ्या पोरीला नावं ठेवतात काय? "माझी पोरगी धडधाकट हाये, ताई. तुमी काहून काळजी करता?" असं तोडून बोलले आणि त्या जिना चढल्याबरोबर मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन रेवाची दृष्ट काढली. विस्तवावर मिरच्या टाकल्या, खिडक्या लावल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, असं आमच्याकडे मानतात. इथे तर पोरगी खोकून खोकून लाल झाली. तरीही मी म्हटलं, दृष्टच जबर आहे. मत्सराने माणूस आंधळा होतो हे ऐकलं होतं, पण मी तर माझ्या लेकराच्या नाकात धूर कोंबत होते. त्यानंतर दर मंगळवारी आणि शनिवारी हेच चालू ठेवलं.

घटस्थापनेला ताईंनी चपला काढल्या. नवरात्रात अनवाणी राहणारे आमच्या गावात पुष्कळ, त्यात नवल नव्हतं. पण दसरा झाला तरी त्या अनवाणीच. भाजीला, बँकेत, शाळेत पोरींना सोडायला, सगळीकडे तशाच. मी विचारलं, तर म्हणाल्या, "नवस हाये. फिटल्याशिवाय सांगू नये." आता घ्या! पोरगी हुशार, नवरा मोठ्या पगारावर, अजून काय पाहिजे हिला? देवीच्या दारातही पहिला नंबर हिचाच. मीही मग हट्टाने उपवास धरला. भक्ती म्हणून नव्हे, मागे पडू नये म्हणून.

दिवाळीला माहेरी निघाले, अकोल्याला जठारपेठेत. निघण्याआधी सकाळीच रेवावरून मिरच्या उतरवल्या. एसटीत बडनेरा सुटलं नाही, तोच ती माझ्या मांडीवर घोरू लागली. मागचे लोक हसले. शेजारी एक म्हातारी मुसलमान बाई तसबीहची जपमाळ ओढत बसली होती. तिने रेवाच्या फ्रॉकचा वास घेतला. "बेटा, मिरची जाळते काय पोरीजवळ?" मी काही बोलायच्या आत तिने रेवाच्या नाकाखाली बोट धरलं आणि दुसऱ्या हाताने सावकाश मणी सरकवायला लागली. "आता पाय. दम थांबला." एक मणी, दोन, तीन. पोट हलत होतं, पण घोरणं बंद, श्वास बंद. सातव्या मण्याला रेवा दचकली आणि बुडता माणूस वर यावा तसा मोठ्याने श्वास घेतला. आठ वर्षं हे माझ्या कुशीत चाललं होतं!

"माह्या नातवाचं असंच होतं," ती म्हणाली. "नाक-कान-घशाच्या डॉक्टरले दाखव. धूर बंद कर. घाबरू नको, अल्ला तेरे साथ है." मूर्तिजापूरला ती उतरली. मी तिचं नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. रडत होते नुसती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. नाकामागची गाठ आणि टॉन्सिल वाढून झोपेत श्वासाची वाट अडत होती. लेकरू रात्रभर श्वासासाठी झगडायचं, म्हणून दिवसा पेंगायचं. अमरावतीला परत येऊन ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी व्यायाम शिकवले आणि बजावलं, की हे उपचारासोबत करायचे, उपचाराऐवजी नाही. ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास, जीभ टाळूला लावून धरायची, ओठांत कागदाची पट्टी पकडून बसायचं, तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. कुशीवर झोपायचं, घरात धूर नाही, उदबत्तीसुद्धा नाही. माझं ऐकेल तर रेवा कसली! शेवटी तन्वी रोज शाळेतून आली की खाली यायची, दोघी पट्ट्या ओठांत धरून समोरासमोर बसायच्या, आणि जी आधी हसेल ती हरली. आरतीची चाल दोघी मिटल्या तोंडाने गुणगुणायच्या. माझी लेक तन्वीचं ऐकते याचाही मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

संक्रांतीच्या आधी एके सकाळी रेवा आपली आपण उठली. अंथरूण कोरडं. "आई, भूक लागली," म्हणाली. मी धावत वर सांगायला गेले. ताई त्याच दिवशी देवीला जाऊन आल्या आणि जिन्यात चपला दिसल्या. मी विचारलं, "ताई, नवस फिटला काय?"

"फिटला न. झोपली न आपली रेवा?"

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "तुले सांगितलं तर तू चिडली. मंग म्या आईलेच सांगितलं."

मी खाली बसले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. ज्या बाईची दृष्ट म्हणून मी मिरच्या जाळल्या, ती तीन महिने माझ्या लेकीसाठी थंडीत अनवाणी फिरत होती. देवीने तर माझं ऐकायच्या आधीच माणूस पाठवलं होतं, एकदा जिन्यावरून, आणि मी हाकलून दिल्यावर पुन्हा एसटीत. मागणं सोडून ऐकायला शिक, एवढंच तिला सांगायचं असावं.

आता देवळात गेले की तन्वीचं नाव आधी घेते. मत्सर गेला का म्हणाल, तर नाही गेला पुरता. अजूनही ताईंचे पाय पाहिले की वाटतं, त्यांच्या लेकीसाठी असं काही मला आधी का सुचलं नाही!