पत्र्याच्या पलीकडचा सदा

सकाळची पेज समोर आली होती, तेवढ्यात देवबागहून सदाच्या मुलीचा, नंदाचा फोन आला. "काका, बाबा गेले..." मी कुडाळात राहतो. मिळेल त्या गाडीने देवबाग गाठलं, तर सदा पडवीत शांत निजलेला. या गोष्टीला आता दीड महिना झाला. लोक त्याला विमान कारखान्यातून निवृत्त झालेला मोठा कारागीर म्हणून ओळखत. मला मात्र आठवतो तो शिकाऊ सदा, पहिल्या वर्षातला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मालवणच्या एकाच शाळेतून मॅट्रिक झालो होतो. दूर दक्षिणेत एका विमान कारखान्यात शिकाऊ मुलं घेणार असल्याची जाहिरात सदाने वाचली आणि माझाही अर्ज त्यानेच भरला. त्याचे वडील होड्या बांधायचे. पोराने आपली हत्यारं हाती घ्यावीत असं त्यांच्या मनात होतं. "लोखंडाची पाखरा उडवन तुका काय गावतला?" असं ते म्हणाले खरे, पण बेळगावच्या एसटीत आम्हाला बसवायला तेच आले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

पहिल्याच दिवशी विमानाला हात लागेल अशी आमची समजूत. हाती आली ती कानस! पोलादाचा ओबडधोबड तुकडा शिकंज्यात धरायचा आणि घासून घासून त्याचा असा चौरस ठोकळा करायचा, की चौकोनी भोकात बसवल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. सकाळ-संध्याकाळ तेच. तळहाताला फोड, जेवायला सांबारभात, आणि कानावर कानडी नाहीतर इंग्रजी. कामाच्या नकाशावर जागोजागी 'टॉलरन्स' असा शब्द असे. सदाने शब्दकोश पाहिला, तर अर्थ निघाला सहनशीलता. "म्हणजे आमची काय रे?" त्याने गंभीरपणे विचारलं. किती चुकलं तर चालेल त्याचं ते माप, हे कळल्यावर तो म्हणाला, "केसाएवढापण नाय मगे." ठोकळा त्याचा आधी जमला, माझा मागाहून.

वर्ष संपत आलं तेव्हा आम्हाला रिव्हेट मारायच्या कामावर घेतलं. विमानाच्या शेपटीचे पत्रे जोडायचे होते. हे काम जोडीचं. एकाने पुढून हवेच्या बंदुकीने रिव्हेटवर ठोके द्यायचे, दुसऱ्याने पत्र्यामागे बसून पोलादी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिव्हेटचं मागचं टोक चेपून पत्रे पक्के सांधतात. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मागच्याने पत्र्यावर टकटक करून सांगायचं. एक ठोका म्हणजे ठीक, दोन म्हणजे आणखी मार, तीन म्हणजे काढून टाक. बंदूक माझ्याकडे होती. सदा पलीकडे.

एका दुपारी माझा हात घसरला. रिव्हेट तिरका बसला, पण वरून डोकं गुळगुळीत दिसत होतं. पलीकडून तीन ठोके आले. मी न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या भोकाकडे वळलो. पुन्हा तीन. वर्षअखेरची परीक्षा आठवड्यावर आली होती, नापास होणाऱ्याला घरी पाठवत. मी वाकून मागे गेलो. "सदा, गप रव. कोणाक दिसाचा नाय."

तो घामाने निथळत होता. म्हणाला, "होडयेत पाणी इला तर माणूस पोवान तरी काठार येतलो. हंय आभाळातसून खंय पोवतलो रे?"

 तो उठला आणि सरळ फोरमनसाहेबांना घेऊन आला. त्यांनी रिव्हेट काढायला लावला, भिंग लावून पाहिलं. भोकाच्या कडेला बारीक चीर गेली होती. सगळा पत्रा उतरवावा लागणार होता. "कोणाचा हात?" साहेबांनी विचारलं. मी बंदुकीची नळी गुंडाळू लागलो. सदा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आम्हा दोघांचा. हे काम जोडीचं आहे."

घरी पाठवलं नाही, पण परीक्षा पुढे गेली आणि दोघांचीही रवानगी पुन्हा कानशीकडे झाली. नवा ठोकळा जमेल तेव्हाच परत यायचं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. खरं तर राग माझाच मला आला होता, पण त्या वयात ते कळत नाही... एकदा मी ट्रंक भरली. सदा दारात उभा राहिला. "तुका जावचा आसा तर जा. मी काम जमल्याशिवाय देवबागाक जावचंय नाय." ट्रंक मी रिकामी केली, पण अबोला सोडला नाही.

चौथ्या आठवड्यात त्याचा ठोकळा पास झाला. साहेब म्हणाले, उद्यापासून रिव्हेटच्या कामावर ये. सदा म्हणाला, "माझा जोडीदार तयार होऊ दे." अकरा दिवस तो माझ्या शेजारच्या शिकंज्यावर दुसरा ठोकळा घासत बसला, गरज नसताना. बाराव्या दिवशी माझा जमला. मी म्हटलं, "सदा, चल." इतक्या दिवसांतला तो पहिला शब्द. तो हसला आणि हात पुसायला लागला.

पुढे परीक्षा दोघेही पास झालो. आम्ही जोडलेली शेपटी घेऊन विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा सगळी पोरं ओरडत होती, मीही. सदा एकटा विमानावर नजर रोखून उभा. "उडाला म्हणान काय झाला? उतरांदे आदी," तो म्हणाला. चाकं जमिनीला लागली तेव्हा कुठे त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. 

काही वर्षांनी मी घरच्या अडचणीमुळे परतलो आणि कुडाळात पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. सदा तिथेच राहिला, चढत गेला, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला.

बाराव्याला गेलो, तर पडवीच्या टोकाला एक इंजीन उघडं पडलेलं. पांढऱ्या फडक्यावर सगळे भाग ओळीने मांडलेले, सदाने मांडले तसेच. नंदाने त्यांना हात लावला नव्हता. ते इंजीन ज्याचं, तो मच्छीमार पास्कू म्हणाला, "दुसऱ्याकडे न्हेवक मन होणा नाय." मी सदरा काढून ठेवला आणि बसलो. दोन दिवस लागले. एका बोल्टाचा आटा जरा झिजला होता, तरी घट्ट बसत होता. तो मी बाजूला टाकला आणि कुडाळहून नवा आणवला.

खाडीत दोरीच्या पहिल्याच हिसक्याला इंजीन सुरू झालं. पास्कू खूश झाला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सदाकाका आसते तर आजून दोन दिस तपासूक ठेवन घेतले आसते."

मी म्हटलं, "आण मगे परत."

पास्कूने होडी काठाला लावली.