विहिरीतला नारळ

दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून पाथर्डीकडच्या त्या वाडीतली माणसं घरी आली, की शीण घालवायची ज्याची त्याची तऱ्हा निराळी. कुणी टाळ घेऊन देवळात बसे. बनुबाईच्या सासूबाई, आक्काबाई, काशाच्या वाटीनं तळपाय घासून घ्यायच्या. आणि बनुबाईचा नवरा आप्पासाहेब ओट्यावर बसून बढाया मारायचा. बढाई एकच. लहानपणी मामाच्या गावी त्यानं नदीचा डोह कसा गाजवला ती. "पार तळाला हुबं ऱ्हाऊन मामाला हाका मारायचो! हितं पानी न्हाई, न्हाईतर दाखिवलं असतं!" हे सांगताना तो असा खुलायचा, की खडीचा दिवस त्याच्या अंगावरून उतरून जायचा.

बनुबाई भाकरी थापता थापता गालातल्या गालात हसायची. ती नेवाशाकडची, प्रवरेच्या काठावर वाढलेली. पाण्याच्या तळातून हाका मारणारा गडी तिनं तरी कुठं पाहिला होता! पण दमल्या जिवाला थापेनं विसावा मिळतोय, तर मिळो बापडा. तिचा स्वतःचा विसावाही पाण्यातच होता. अंथरुणावर पाठ टेकली की डोळे मिटून ती मनातल्या मनात प्रवरेत उतरायची. लग्न होऊन या कोरड्या वाडीत आल्यापासून तिनं पाणी पाहिलं ते हंड्यात. सुनेनं पोहायचं, हे तर इथं कुणाच्या कानावरही आलं नव्हतं.

उन्हाळ्यात घरची विहीर ठणठणीत कोरडी पडली, तेव्हा बायांनी आत उतरून पाट्या भरभरून गाळ काढला होता. सगळ्यात पुढं बनुबाई. मग त्र्याहत्तर सालचा पाऊस झाला आणि विहीर भरली. अहो, काठोकाठ! माणसं नुसती बघायला येऊ लागली.

वाडीची रीत अशी, की नव्या पाण्याची ओटी घरच्या सवाष्णीनं भरायची, पाण्यात नारळ सोडायचा आणि तो घरधन्यानं काढून काठावर फोडायचा. एरवी गुडघाभर पाणी असे. आप्पासाहेब धोतर सावरत पायऱ्या उतरे आणि नारळ उचले. यंदा नारळ ऐटीत विहिरीच्या मधोमध जाऊन बसला.

"आप्पा, मारा उडी!" शेजारचा छगन ओरडला. "इतकी वर्सं ऐकतोय, आज बघू द्या की!"

सगळी वाडी टाळ्या पिटू लागली. आप्पासाहेबानं सदरा काढला, पुन्हा घातला, आणि ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकोच्या कानाशी लागला. "बने, मला पवता येत न्हाई गं."

बनुबाईनं त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं. आज हा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडला, तर पुन्हा ओट्यावर तोंड उघडणार नाही. आणि खाली ते हिरवंगार पाणी! तिनं ताट खाली ठेवलं, काष्टा आवळला, पदर खोचला.

"गाळ बायांनी काढलाय. औंदाचा नारळ बाईच काढंल!"

आणि कुणी हो नाही म्हणायच्या आत तिनं सूर मारला.

गार पाणी कानात शिरलं आणि खडी, पाट्या, ऊन, सगळं तिच्या खांद्यांवरून सुटून गेलं. ती वर आली ती हसतच. एक हात मारला, दोन मारले, नारळ हाताशी आला, तरी बाई काही बाहेर येईना! वर वाडी ओरडत होती आणि ती लहान पोरीसारखी विहिरीला फेऱ्या घालत होती. किती वर्षांनी तिला इतका आनंद झाला होता!

बाहेर आली, तेव्हा नारळ तिनंच फोडला. आक्काबाई काय म्हणतील, याची तिला धास्ती होती. म्हातारी कौतुकानं जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मलाबी पायरीवर नेऊन बसीव गं. पाय बुडवून बघते."

तेव्हापासून रानातून येताना तिघंही विहिरीवर थांबू लागली. म्हातारी पाय बुडवून बसायची, बनुबाई पोहायची. आप्पासाहेब नुसता बघायचा. एका संध्याकाळी मात्र तो पाठीला सुके भोपळे बांधून पायऱ्यांवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरला. त्यानं बायकोचा हात घट्ट धरला.

"सोडू नगंस हां, बने."

"न्हाई सोडत," बनुबाई म्हणाली. "पन आदी तळाला हुबं ऱ्हाऊन मामाला हाक मारा!"